वाडीपर्यंत गेलेली शाळा

सातारा शहरातून कासकडे निघाले की पहिला घाट चढून यवतेश्वर लागते. 1938 साली रयत शिक्षण संस्थेने या डोंगरावर एक प्राथमिक शाळा काढली. एक मास्तर आणि गावाने दिलेली जागा, एवढ्यावर ती सुरू झाली. अशा शाळेला तेव्हा ‘व्हॉलंटरी शाळा’ म्हणत. सरकारने किंवा लोकल बोर्डाने नव्हे, तर एखाद्या संस्थेने किंवा खासगी माणसाने पुढाकार घेऊन काढलेली आणि सरकारी अनुदानाच्या आधारावर चालणारी, असा तिचा अर्थ. यवतेश्वरची शाळा पहिली. पुढच्या दहा-अकरा वर्षांत रयतच्या अशा शाळांची संख्या 578 वर गेली. त्यातल्या बहुतेक डोंगरकपारीच्या आणि माळरानावरच्या अशा वाड्यांत होत्या, जिथे त्याआधी शाळा कधी पोचली नव्हती.

आपल्याकडच्या शिक्षणाच्या इतिहासात हायस्कुले, कॉलेजे आणि विद्यापीठे भरपूर जागा घेतात. या एकशिक्षकी शाळांच्या वाट्याला मात्र दोन-चार ओळीच येतात. खरे तर महाराष्ट्राच्या खेड्यांतली पहिली साक्षर पिढी याच शाळांनी घडवली. त्या कशा चालत आणि त्यांत मास्तर नेमके काय करत, हे नीट लिहून ठेवायला हवे.

मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी तोवर जुनी झाली होती. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 साली मध्यवर्ती कायदेमंडळात तसे विधेयक आणले. पुढच्या वर्षी ते 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1906 मध्येच संस्थानभर सक्ती लागू केली होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये कायदा केला आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. ब्रिटिश मुलखात विठ्ठलभाई पटेलांचा 1918 चा कायदा झाला खरा, पण तो नगरपालिकांपुरता होता. 1923 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने कारभार स्थानिक मंडळांच्या हाती दिला. त्यांच्या तिजोरीत खडखडाट होता. तालुक्याच्या गावी, बाजारपेठेत, मोठ्या वस्तीत शाळा उभ्या राहिल्या, पण वीस-पंचवीस उंबऱ्यांच्या वाडीपर्यंत कोणी पोचले नाही.

त्यातच 1929 साली हारटॉग समितीचा अहवाल आला. 1922-23 मध्ये पहिलीत बसलेल्या शंभर मुलांपैकी 1925-26 मध्ये चौथीपर्यंत अवघी अठरा पोचली, असे समितीने दाखवून दिले. बाकीची मधेच गळाली, नाहीतर त्याच यत्तेत अडकून राहिली. ‘गळती’ आणि ‘स्थगिती’ हे शब्द तेव्हापासून आपल्या शिक्षणखात्याला चिकटले ते कायमचेच. आकडा खरा होता, पण त्यावरचा उपाय चुकला असे मला वाटते. शाळांचा पसारा वाढवण्याआधी आहेत त्या सुधारा, एकशिक्षकी शाळांवरचा खर्च वाया जातो, असा समितीचा रोख होता. कागदावर हे शहाणपणाचे दिसते. पण ज्या वाडीपासून जवळची शाळा दोन कोसांवर आणि मधे पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारा ओढा, तिथल्या सात वर्षांच्या पोराला त्या सुधारलेल्या शाळेचा काय उपयोग?

1937 च्या जुलैमध्ये मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. शाळा नसलेल्या गावात कोणी स्वतःहून शाळा काढत असेल तर सरकार त्याला अनुदान देईल, ही कल्पना या काळात पुढे आली. खेरांचे मंत्रिमंडळ 1939 च्या नोव्हेंबरात राजीनामा देऊन बाहेर पडले, पण एवढ्या थोड्या वेळात पडलेली ही ठिणगी विझली नाही. ती विझू दिली नाही भाऊराव पाटलांनी.

भाऊरावांनी 1919 साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान अशी सगळी पोरे तिथे एका पंगतीला बसत, पाणी भरत आणि मोलमजुरी करून शिकत. महात्मा गांधी 1927 मध्ये या वसतिगृहात येऊन गेले. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा मोडले, हे सातारा जिल्ह्यात आजही घरोघरी सांगतात. पण मला त्यांची दूरदृष्टी दिसते ती दुसऱ्या एका गोष्टीत. खेड्यात शाळा काढायची तर आधी खेड्यात राहायला तयार असलेला मास्तर हवा, हे त्यांनी आधीच ओळखले होते. 1935 साली त्यांनी साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. खेड्यातलाच पोरगा शिकवून तयार करायचा आणि परत खेड्यात पाठवायचा, असा त्यामागचा विचार होता. तीन वर्षांनी व्हॉलंटरी शाळांचे दार उघडले तेव्हा पाठवायला माणसे होती.

ही माणसे म्हणजे बहुतेक वीस-बावीस वर्षांची पोरे होती. सातवी, म्हणजे तेव्हाची व्हर्नाक्युलर फायनल, पास. काही ट्रेन्ड, बरीचशी अनट्रेन्ड. घरी कोरडवाहू शेती, पाठीवर वळकटी आणि हातात पत्र्याची पेटी. गावात पोचल्यावर पहिले काम पाटलाला भेटायचे. पाटील ‘या मास्तर’ म्हणाला तर निम्मे काम झाले. मग जागेचा शोध. चावडी, धर्मशाळा, कुणाचा रिकामा गोठा, आणि सगळ्यांत जास्त वेळा मारुतीचे देऊळ. देवळात सावली होती, फरशी होती आणि भाडे नव्हते.

देवळात शाळा भरली की पहिला प्रश्न उभा राहायचा तो महारवाड्यातल्या मुलांचा. देवळात त्यांना पाऊल टाकता येत नव्हते, म्हणजे शाळेतही येत नव्हते. अस्पृश्य मुलांना मज्जाव करणाऱ्या शाळेला अनुदान नाही, असा मुंबई सरकारचा दंडक विसाच्या दशकापासून होता. गावाने त्यातून पळवाट काढली होती. मुले पटावर असत आणि बसत मात्र पायरीखाली, उन्हात. मास्तर त्यांची पाटी लांबून बघत, चूक लांबूनच सांगत. काही मास्तरांनी हे तसेच चालू दिले, हे लपवण्यात अर्थ नाही. काहींनी मात्र शाळाच देवळातून उठवली आणि झाडाखाली नेली. साताऱ्याच्या वसतिगृहात एका पंगतीला जेवलेला मास्तर असेल तर त्याला हे करायला फारसे धाडस लागत नसे, कारण वेगळे बसायची सवयच त्याला राहिली नव्हती. भाऊरावांच्या वसतिगृहाचे हे फळ मी फार मोठे मानतो.

जागा मिळाली, आता मुले. पोर गुरांमागे, पोरगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन. मास्तर सकाळी वाडीत फिरत आणि दारादारांत उभे राहून मुले गोळा करत. वय कोणाला माहीत नसे. ‘मोठ्या पुरात झाला’, ‘तात्याचं लगीन झालं त्या साली’ असे उत्तर मिळे. मग डोक्यावरून उजवा हात नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाती लागला तर पोरगा सहा वर्षांचा, घ्या दाखल करून. जन्मतारीख म्हणून मास्तर 1 जून लिहीत, कारण शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई आणि हिशोब सोपा पडे. गावेच्या गावे त्यामुळे एका दिवशी जन्मली. सत्तर-ऐंशी वर्षांच्या कुणा ग्रामीण आजोबांच्या आधारकार्डावर 1 जून दिसला, तर ती तारीख बहुतेक कुणा मास्तरने आपल्या अंदाजाने घातलेली असते.

एकशिक्षकी शाळेत बिगरीपासून चौथीपर्यंतचे सगळे वर्ग एकाच खोलीत आणि एकाच मास्तरसमोर. ही कसरत मास्तर कशी साधत? बिगरीची पोरे एका कोपऱ्यात धुळाक्षरे गिरवत. दुसरीला शुद्धलेखन घालून दिलेले असे, तिसरीला पाटीवर गणिते. चौथीतला हुशार पोरगा पहिलीच्या पोरांकडून बाराखडी म्हणवून घेई. तेवढ्या वेळात मास्तर चौथीला भूगोल समजावत. एका वर्गाकडे पाठ फिरवली की तिथे गलका सुरू होई, म्हणून मास्तरचा आवाज मोठा आणि छडी जवळ. छडी होती आणि ती फार वापरली जात होती, हे मान्य केलेच पाहिजे. अनेक पोरे अभ्यासापेक्षा तिच्या धाकानेच शाळा सोडून गुरांमागे परत गेली असतील. हारटॉगच्या गळतीत तिचाही वाटा असणार.

पण याच खोलीत एक गोष्ट फार चांगली घडे. पहिलीतले पोर दिवसभर तिसरी-चौथीचे पाठ ऐकत बसे. वरच्या वर्गात गेल्यावर त्याला निम्मे आधीच येत असे.

दिवसाचा शेवट उजळणीने होई. सगळी शाळा उभी राहून पाढे म्हणे आणि आवाज रानापर्यंत जाई. नुसते दोन ते तीस नव्हे, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. आज हे पाढे कोणाला येत नाहीत, आणि येत नाहीत म्हणून ते निरुपयोगी घोकंपट्टी होते असा समज झाला आहे. तसे नव्हते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे बारा पै. मणाचे चाळीस शेर, शेराच्या सोळा छटाका. म्हणजे सगळा व्यवहारच पाव, अर्धा आणि पाऊण यांत चाले. सवा रुपया शेर या भावाने अडीच शेर तूप घेतले तर पैसे किती? दोन शेरांचे अडीच रुपये, अर्ध्या शेराचे दहा आणे, म्हणजे तीन रुपये दोन आणे. बाजारात वाण्यापुढे हे तोंडी करून सांगणारा दहा वर्षांचा पोरगा दिसला की शेजारी उभा असलेला त्याचा बाप त्या दिवशी पहिल्यांदा शाळेवर विश्वास ठेवी. सावकाराच्या वहीवर डोळे मिटून अंगठा उठवणाऱ्या घरात असा पोरगा तयार होणे हा केवढा बदल होता! अक्षरओळखीइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, या हिशोबाने शाळेला गावात रुजवले असे माझे मत आहे.

मास्तरचे काम शाळेपुरते थांबत नसे. मुंबईला गिरणीत असलेल्या नवऱ्याचे पत्र आले की बाई पदर सावरत मास्तरकडे येई. पत्र वाचून दाखवायचे, उत्तर लिहून द्यायचे आणि ऐकलेले पोटात ठेवायचे. मनीऑर्डरच्या पावतीवर साक्ष मास्तरची. अनेक ठिकाणी मास्तरच शाखा पोस्टमास्तर असे. शाळेच्याच एका कोपऱ्यात पोस्टाची पेटी आणि शिक्के ठेवलेले, आणि त्याचे चार पैसे पगाराला जोड म्हणून मिळत. श्रावणात पोथी वाचायला मास्तर, अर्जफाटा लिहायला मास्तर, भांडण झाले तर पंचांच्या शेजारी मास्तर. पगार तुटपुंजा, तोही वेळेवर नाही. व्हॉलंटरी शाळेत तर अनुदान हाती पडेल तेव्हाच. जोंधळा, कधी गूळ, कधी परसातली भाजी अशा रूपाने गावाने मास्तरला जगवले आणि त्याचे ओझे मास्तरला वाटू दिले नाही.

वर्षातून एकदा दिपोटी येई. खाते त्याला असिस्टंट डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर म्हणे, गावाला तेवढे लांबलचक नाव झेपत नसे. दिपोटी येणार म्हटले की शाळा शेणाने सारवायची, आंब्याचे डहाळे बांधायचे, हजेरीपट आणि जनरल रजिस्टर नीट करायचे. तो पोरांना पाढे विचारी, नकाशावर नद्या दाखवायला लावी आणि जाताना शेरेबुकात शेरा लिही. त्या चार ओळींवर मास्तरची बढती, बदली आणि कधीकधी नोकरी अवलंबून असे. शेरा वाईट आला तर मास्तरची बदली अशा ठिकाणी होई जिथे एसटी तर सोडाच, बैलगाडीही जात नसे. गंमत म्हणजे अशा गावालाच चांगल्या मास्तरची सर्वांत जास्त गरज असे. शिक्षा म्हणून केलेल्या या बदल्यांनी खात्याने दुर्गम वाड्यांवर मोठा अन्याय केला.

शेजारच्या औंध संस्थानातही हेच चित्र होते. माणदेशाच्या उघड्याबोडक्या माळावर धनगरांच्या वस्त्यांत शाळा उघडत होत्या. व्यंकटेश माडगूळकरांनी स्वतः कोवळ्या वयात या भागात मास्तरकी केली आणि त्या अनुभवातून 1955 साली ‘बनगरवाडी’ ही कादंबरी आली. अशा वस्तीवर नेमणूक झालेल्या एका तरुण मास्तरची ती गोष्ट. ती वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. मास्तर तिथे शिकवायला जातो, आणि वस्ती आधी त्याला आपल्यात घेते. शाळा चालणे हे त्यानंतरचे. त्या काळातल्या अनेक वाड्यांत हा क्रम असाच होता.

गांधीजींनी 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरवली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योग शिक्षणाची योजना मांडली, तेव्हा टकळी आणि पेळू खेड्यातल्या शाळांत आले. हाताने काम करत शिकावे हे तत्त्व भाऊरावांच्या ‘कमवा आणि शिका’शी जुळणारे होते. एकशिक्षकी शाळेत मात्र ते फार रुजले नाही. चार यत्ता सांभाळणाऱ्या मास्तरला सूतकताईचे शास्त्र शिकवायला वेळ नव्हता आणि शेतकऱ्याच्या पोराला हाताने काम करायला नव्याने शिकवायची गरजही नव्हती. तो शाळा सुटली की पुन्हा रानातच जाणार होता.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर खेर पुन्हा सत्तेवर आले. 1947 चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. जिल्हा स्कूल बोर्डे आली, शिक्षकांच्या नेमणुका आणि पगार यांवर सरकारी नियंत्रण आले, आणि सक्ती टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. मोठी गावे आधी, वाड्या नंतर, हा क्रम इथेही सुटला नाही. वाड्यांना तोवर आधार होता तो व्हॉलंटरी शाळांचाच. आणि नेमक्या याच वेळी त्या बंद पडायची पाळी आली.

1948 साली भाऊराव आणि मुंबई सरकार यांच्यात तीव्र मतभेद झाले आणि सरकारने रयत शिक्षण संस्थेचे अनुदान थांबवले. शेकडो शाळा, वसतिगृहे, ट्रेनिंग कॉलेज सगळेच अधांतरी झाले. भाऊराव गावोगाव फिरले. लोकांनी धान्य दिले, पैसे दिले, मास्तरांनी पगाराविना शाळा चालू ठेवल्या. शेवटी गाडगे महाराज मध्ये पडले. अंगावर चिंध्या आणि हाती खराटा घेऊन फिरणारा हा माणूस स्वतः खेरांकडे गेला, भाऊरावांचे काम त्यांच्यापुढे मांडले आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. खेर हेही गांधीवादी होते, भाऊरावही गांधींना मानणारे होते. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने 101 हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी याच काळात केला होता. दोन सच्च्या माणसांचे भांडण वाडीतल्या पोरांच्या मुळावर उठले होते. ते मिटवायला निरक्षरांमध्ये आयुष्य काढलेला संत लागला, हे मला फार बोलके वाटते. पुढे या व्हॉलंटरी शाळा टप्प्याटप्प्याने स्कूल बोर्डाकडे गेल्या आणि त्यांची वेगळी ओळख पुसली गेली.

साताऱ्यात शाळा वाडीपर्यंत गेली. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या समुद्रकाठी तिला आणखी पुढे जावे लागले. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डी इथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई तेराव्या वर्षी विधवा झालेल्या. जिद्दीने ट्रेनिंग घेऊन शिक्षिका झालेल्या. नाशिक जिल्ह्यात चांदवडला आणि पुढे पुण्यात हुजूरपागेत त्यांनी शिकवले होते. पुण्यातली बरी नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या आणि खेड्यातच राहिल्या. खेड्यात एकट्या बाईने राहून शिकवणे त्या काळी किती अवघड होते, याचा विचार आपण फारसा करत नाही. एकशिक्षकी शाळांचा हा सगळा इतिहास पुरुष मास्तरांचा दिसतो त्याचे मोठे कारण हेच. मुक्कामाला जागा नाही, गावाच्या नजरा, आणि खात्याची उदासीनता. बाई नाही म्हणून पोरी येत नाहीत, आणि पोरी शिकत नाहीत म्हणून बाई तयार होत नाही, हे चक्र पन्नाशीच्या दशकातही फिरतच राहिले.

बोर्डीत ताराबाई आणि अनुताई यांच्या लक्षात आले की बालवाडी उघडून बसले तरी गरिबाघरची मुले तिथे येत नाहीत. मग बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. तिलाच अंगणवाडी म्हणू लागले, आणि पुढे हे नाव देशभर झाले. 1957 मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली वारली मुले दिवसभर गुरे राखत, शाळेच्या वेळेला ती कुरणात असत. तेव्हा शिक्षक कुरणात जाऊ लागले. गुरे चरत असताना तिथेच बसून पानांचे, दगडांचे, बियांचे हिशोब करत शिकायचे. या शाळेचे नाव कुरणशाळा. मूल शाळेत येत नसेल तर चूक शाळेची, हे ताराबाई आणि अनुताई यांनी तत्त्व म्हणून नुसते मांडले नाही, उन्हापावसात करून दाखवले. महाराष्ट्राच्या शिक्षणात विसाव्या शतकात याच्या तोडीचे काम मला दुसरे दिसत नाही.

दरम्यान मास्तरसमोर एक नवेच संकट उभे राहिले. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली. रुपयाचे शंभर नये पैसे. पाठोपाठ मेट्रिक वजने आली, शेर आणि छटाक जाऊन किलो आणि ग्रॅम आले. पिढ्यान् पिढ्या घोकलेली पावकी-निमकी हळूहळू शाळेतून उठली. मोडी लिपीही याच दशकात अभ्यासक्रमातून गेली. नव्या पोरांना दशांश अपूर्णांक शिकवणे सोपे होते, अवघड होते ते गावाला समजावणे. आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे, पण सव्वाचे नाणे नाही, म्हणून एका आण्याचे सहा धरायचे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस. मधला पाव-अर्धा पैसा गेला कुठे? म्हातारी माणसे मास्तरला हाच प्रश्न विचारत, आणि त्यांचा संशय वाजवी होता, कारण वाणी तो पैसा नेहमी आपल्या बाजूला वळवी. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मास्तर चावडीत बसून आण्यांचा आणि पैशांचा तक्ता वाचून दाखवत. सरकारचा निर्णय वाडीत उतरवायचा तो मास्तरनेच.

मोठ्या माणसांना शिकवायचे कामही पुढे त्यांच्याच गळ्यात आले. 1951 च्या जनगणनेत देशात शंभरातली जेमतेम अठरा माणसे साक्षर निघाली होती. राज्यघटनेच्या 45 व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचे वचन दिले होते, पण मुलांच्या आईबापांचे काय? 1959 मध्ये सातारा जिल्ह्यातूनच ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि ती पुढे सगळ्या राज्यात गेली. दिवसभर पोरे, रात्री कंदील लावून त्यांचे आईबाप. गावातले सगळे प्रौढ साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. गुढ्या उभारत, मिरवणूक निघे आणि गावाने शपथ घ्यायची की आता इथे अंगठा उठणार नाही. यातली बरीच माणसे पुढे सरावाअभावी अक्षरे विसरली, तेही खरे. पण ज्या बाईने आयुष्यात एकदा स्वतःचे नाव स्वतः लिहिले, तिने पोरीला शाळेतून काढताना दहा वेळा विचार केला असेल.

1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आल्या. स्कूल बोर्डाच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या, मास्तर ‘जिल्हा परिषदेचे गुरुजी’ झाले, पगार नियमित झाला, कौलारू इमारती उठल्या. एकशिक्षकीच्या द्विशिक्षकी होऊ लागल्या. त्या इमारतींच्या लोखंडी कपाटांत जुनी जनरल रजिस्टरे गेली. त्यांत मास्तरने टाकाने लिहिलेले नाव, बापाचे नाव, जात, अंदाजाची जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचे कारण असे. ‘गुरे राखण्यास गेला’, ‘लग्न झाले’, ‘मुंबईस गेला’ अशी ती कारणे. 2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने जुनी कागदपत्रे तपासली, तेव्हा त्यांत शाळांची ही रजिस्टरेही होती आणि त्यातल्या मोडी नोंदी वाचायला जाणकार शोधावे लागले. जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या शाळेचा उतारा मागायला आजही माणसे जिल्हा परिषदेच्या शाळेत येतात. मुख्याध्यापक कपाट उघडतात आणि 1940 सालच्या कुणा व्हर्नाक्युलर फायनल पास मास्तरच्या अक्षरावर बोट ठेवून नाव शोधतात.